पाना गाडीच्या तोंडाकडं

निपाणी आम्हाला लांब नाही. सकाळी बेळगावातून बसमध्ये बसलेला माणूस काम उरकून जेवायला घरी येतो. एवढ्याशा अंतराचं कुणी प्रवासवर्णन लिहितं का? मीही लिहिलं नसतं. पण गेल्या माघात मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा, त्याचा जुना ट्रक घेऊन निपाणीला गेलो होतो. ट्रकला दुसरी चाकं बसवायची होती. तिसऱ्या दिवशी परत येताना त्यातली दोन चाकं निसटली आणि रस्त्याकडेला उभा असलेला एक माणूस गेला. दोष निपाणीच्या फिटरवर आला. तो दोष त्याचा नव्हता. मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी दीड महिना तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. निपाणीत काय खावं, कुठं राहावं हेही पुढं येईल, पण त्यासाठी कुणी हे वाचू नये.

हिंडलगा

मी टिळकवाडीत राहतो. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. अण्णा हिंडलग्यात, आमच्या जुन्या घरी. शेती थोडी आणि ट्रक एक. ट्रक आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी घेतलेला, सहा चाकांचा, लाकडी बॉडीचा. आप्पा गेले, ट्रक अण्णाकडं आला. भाताचं पिंजर, शेणखत, विटा, लग्नातलं मांडवाचं सामान, काय काय म्हणून त्यानं ओढलं नाही! दर खंडेनवमीला अण्णा त्याला नवा रंग देतो. वहिनी म्हणते, "मला चाळीस वर्सांत इतक्या साड्या घेतल्या न्हाईत, जितके रंग त्या गाडीला."

त्याची चाकं जुन्या तऱ्हेची होती. टायर जागेवर धरून ठेवायला रिमवर एक सुटी लोखंडी कडी बसवायची. हवा भरताना ती कडी नीट बसली नसेल तर उडते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या पंक्चरवाल्याकडं ती उडाली आणि बिचाऱ्याचा जबडा फुटला. तो वाचला, पण अजून पातळ भाताशिवाय काही खात नाही. त्या दिवसापासून बेळगावातला एकही पंक्चरवाला आमच्या चाकाला हात लावेना. लांबूनच हात जोडायचे, "अण्णा, हे सोडून काय बी सांगा."

ट्रक तीन महिने दारात उभा राहिला. अण्णा रोज सकाळी तो पुसायचा आणि मग समोर खुर्ची टाकून बसायचा. मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा की भंगारात घाला. एकदा मी गेलो तेव्हा अण्णानं समोर बोट केलं. आमच्या अंगणातून तुरुंगाची भिंत दिसते.

"ही गाडी गेली की मी काय करू रं, बाळू? दिवसभर जेलची भित्त बघत बसू? आतल्या लोकांस्नी निदान काम तरी हाय."

मला पेन्शन आहे, वाचनालय आहे, आणि त्याला फक्त हा ट्रक होता.

नव्या तऱ्हेची, कडी नसलेली चाकं मिळत होती. पण आमच्या ट्रकला बोल्ट आठ आणि त्या चाकांना भोकं दहा. बसणार कशी? एका गॅरेजवाल्यानं सुचवलं की जुन्या भोकांच्या मध्ये नवी पाडू. अण्णा जवळजवळ कबूल झाला होता. तेवढ्यात कुणीतरी निपाणीच्या बसाप्पा फिटरचा नंबर दिला. अण्णानं फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला.

"चाक हाय का चाळण हाय ती? भोकं पाडू नका. गाडी घेऊन या. ज्याला चाक बसतंय तो हबच बदलू."

हब म्हणजे ज्याला चाक बोल्टांनी बसतं तो मधला लोखंडी गड्डा. हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा मात्र फोन ठेवून असा उठला की जणू कुणी त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं.

निघालो

मी कशाला गेलो? अण्णाची कंबर धरली होती, एकट्याला सोडायला वहिनी तयार नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला घरात कंटाळा आला होता.

निघायच्या आधी अण्णानं पाना काढला आणि सहाही चाकांचे नट एकेकदा आवळून घेतले. ही आप्पांची शिस्त. गाडी हलायच्या आधी आणि वाटेत थांबेल तिथं, पाना मारल्याशिवाय चहा नाही. आप्पांचा नियम आम्हा दोघांना पाढ्यासारखा पाठ होता: पाना गाडीच्या तोंडाकडं धरायचा आणि खाली दाबायचं. डावी बाजू असो की उजवी, दांडा तोंडाकडं, दाब खाली, की नट आवळला. सोडायचा असेल तर दांडा शेपटीकडं. लहानपणी पान्याला लांब पाईप जोडून आप्पा मला त्यावर उभं करायचे. अण्णाला हात होते, मला वजन होतं, असं घरात म्हणायचे.

असं का, हे मी कधी विचारलं नाही. आप्पांनी सांगितलं, आम्ही केलं.

कॅम्पातून जाताना जवान ओळीनं पळत होते. अण्णानं गाडी बाजूला घेऊन त्यांना जाऊ दिलं आणि दोनदा हॉर्न वाजवला, सलाम म्हणून. तीन महिन्यांनी स्टिअरिंग हातात आलेला माणूस, तोंडावर नुसता उजेड. हायवेला लागल्यावर आम्हाला सगळ्यांनी मागं टाकलं, ट्रॅक्टरनं सुद्धा एकदा. मी चिडलो. अण्णा म्हणाला, "जाऊ दे की. निपाणी काय पळून जातीया?"

वंटमुरीचा घाट उतरलो. संकेश्वराच्या अलीकडं रस्त्याला लागून मिरच्या वाळत घातल्या होत्या. लांबून बघायला काय सुरेख, जवळ गेलं की नाकातोंडात आग! काचा वर करायच्या म्हटलं तर माझ्या बाजूची काच जागची हलेना. शिंकून शिंकून बेजार झालो. अण्णा हसत सुटला, "मास्तर, आता शिकवा की व्याकरण!" तो हसला ते मला बरं वाटलं. ते हसू शेवटचं असेल असं तेव्हा कशाला वाटेल?

तवंदीचा घाट त्यानं पहिल्या गियरमध्ये, तोंडानं पांडुरंग पांडुरंग करत उतरला. खाली निपाणी आली ती वासानंच कळली. मिरची सोसून आलेल्या नाकाला आता तंबाखू.

निपाणी

बसाप्पाचं दुकान गावाबाहेर, हायवेच्या कडेला. पत्र्याची शेड, एक लेथ, चिंचेचं झाड. दुकान बंद. बसाप्पा आंघोळ करून कपाळाला विभूती लावून झाडाखाली बसला होता.

"आज आवस हाय, अमावास्या," तो म्हणाला. "आज लोखंडाला हात लावत न्हाई. हत्यारांची पूजा तेवढी. उद्या या."

मी उसळलोच. "अहो, मग फोनवर सांगायचं नाही? पंचाहत्तर किलोमीटर आलोय आम्ही!"

"तुमच्याकडं आवस न्हाई काय, मास्तर?" त्यानं शांतपणे विचारलं.

अण्णा मला म्हणाला, "गप रं. बरोबर बोलतोय त्यो." मग दोघं माझ्याकडं पाठ करून ट्रकखाली वाकले आणि अर्धा तास बोलत राहिले. साठीपुढचे दोन म्हातारे, एकाला कन्नड बरं येतं, दुसऱ्याला मराठी, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. मला एक अक्षर कळलं नाही.

तो दिवस मी गाव बघण्यात घालवला. लॉजवर पाणी सकाळी एकदाच यायचं आणि तेही पिवळट. जेवण मात्र फक्कड. खानावळीतल्या बाईनं ज्वारीची गरम भाकरी, झुणका आणि मिरचीचा खर्डा वाढला. आमच्याकडं बेळगावात ताटात शेंगदाण्याची चटणी लागतेच लागते, लोक भातालाही लावतात. ती मागितली तर बाई म्हणाली, "बेळगावची दिसता. खर्डा खावा, पोटात आग पडली तर ताक हाय." पडली, आणि ताकही प्यालो.

दुपारी तंबाखूच्या वखारीतून बायका सुटल्या. नाकातोंडाला पदर बांधलेल्या, डोळे लाल. त्यातली एक म्हातारी थांबून रस्त्याकडेला खोकत बसली. बाकीच्या तिच्यासाठी थांबल्या नाहीत, रोजचंच असावं. मी पाणी देऊ का विचारलं. तिनं हातानंच जा म्हणून खूण केली. गाव बघायला आलेल्या माणसाचा तिला काय उपयोग? मी लॉजवर परतलो.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. बसाप्पा चपला शेडबाहेर काढतो. अनवाणी काम करतो, लोखंडाच्या किसावर सुद्धा. पाय बघितले तर तळवे खुरासारखे झालेले. जुन्या ट्रकच्या भंगारातून त्यानं दहा बोल्टांचे हब आणून ठेवले होते, पण ते आमच्या आसावर सैल होत होते. मग ती फट भरायला लेथवर आतल्या कड्या कातून काढल्या. एक कडी केसभर कमी झाली तर त्यानं ती टाकून दिली आणि नवी कातली. मी म्हटलं, "एवढ्यानं काय होतंय?" तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या पोराची वेलांटी चुकली तर मार्क जातोय. माझी चुकली तर माणूस जातोय." हे वाक्य मी तेव्हा कौतुकानं डायरीत लिहून घेतलं.

दुपारी त्यानं डबा उघडला. त्यात शेंगदाण्याची चटणी! बसाप्पाची बायको आमच्या बाजूची, खानापूरची निघाली. त्यानं अर्धी चटणी माझ्या भाकरीवर ओतली. अण्णाला म्हणाला, "भावाला घरची आठवण आली व्हती न्हवं." अण्णानं त्याला सांगितलं होतं तर.

निपाणी, तिसरा दिवस

सकाळी चाकं चढवायची होती. अण्णा नारळ आणि लिंबं आणायला गावात गेला. नवं चाक लिंबू चिरडल्याशिवाय रस्त्याला लागत नाही, ही आमच्याकडची रीत, निपाणीतही तीच. मी खोक्यावर बसून पेपर वाचत होतो. बसाप्पा डाव्या बाजूचे मागचे नट आवळत होता, एक सोडून एक, समोरासमोरचे. सगळे झाले तसा उठला, हात पुसले आणि माझ्याकडं वळला.

"मास्तर, एक ध्यानात ठेवा. डावीकडचे बी आता सुलटे आटे हायत. अण्णास्नी सांगा."

मी पेपरातून मान वर केली. सुलटे आटे म्हणजे काय, ह्याचा मला पत्ता नव्हता. आटे उलटे असतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारायला एक क्षण पुरला असता. पण दोन दिवस हा माणूस आणि माझा भाऊ माझ्यादेखत बोलत होते आणि मी ठोंब्यासारखा बसलो होतो. त्यात मी मास्तर. मी म्हटलं, "व्हय व्हय, सांगतो."

"नक्की सांगा हां."

"अहो, सांगतो म्हटलं ना!"

आयुष्यभर पोरांना ओरडून सांगितलं की कळलं नसेल तर हात वर करा, माना डोलवू नका.

अण्णा आला. चाकांना हळदकुंकू झालं, नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. अण्णानं गाडी हळूच पुढं घेतली, लिंबं फुटली, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. बसाप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस किलोमीटरला थांबा. नवं बसीवलेलं चाक जागा धरतंय. सगळीकडं एकेकदा पाना मारा. इसरू नका."

"इसरीन व्हय?" अण्णा म्हणाला. "आप्पांची शिस्त हाय ती."

आणि मी? मी विसरलो. सुलट्या आट्यांचा निरोप माझ्या डोक्यातून कधी गेला ते कळलंही नाही. ज्याचा अर्थ लागत नाही ते डोक्यात राहणार तरी कसं?

संकेश्वराच्या पुढं

संकेश्वर मागं टाकलं आणि अण्णानं गाडी एका कडुलिंबाखाली घेतली. पाना काढला, पाईप काढला. कंबर धरलेली, त्यामुळं त्यानं पान्याचं डोकं नटावर धरायचं आणि मी पाईपवर उभं राहायचं असं ठरलं. पन्नास वर्षांनी मी पुन्हा त्या पाईपवर चढलो. मजा वाटली, खोटं कशाला बोलू!

आधी उजवी बाजू. पाना तोंडाकडं, दाब खाली. नट जेमतेम हलले. मग डावी बाजू. पाना तोंडाकडं. मी पाईपवर चढलो, नट कट्‌कन वाजला आणि पाव फेरा गेला.

"बसलं," मी म्हटलं.

अण्णा थोडा थांबला. नटाकडं बघितलं. "हिकडचं जरा जास्तच बसाय लागलंय."

"नवं आहे," मी म्हटलं.

पुढचं आणि मागचं मिळून डाव्या बाजूचे वीस नट. प्रत्येकावर मी उभा राहिलो. एकही सोडला नाही. मग आम्ही चहा प्यालो.

वंटमुरीचा घाट गाडीनं सुरेख चढला. अण्णा म्हणाला, आता ही आणखी दहा वर्सं वडतीया बघ. वर सपाटीला लागल्यावर मागून डावीकडं खडखड आली. अण्णा मान तिरकी करून ऐकायला लागला, पाय ब्रेककडं गेला, आणि गाडी डावीकडं खचली. त्याच वेळी माझ्या खिडकीशेजारून एक चाक पुढं गेलं. एक मागं राहिलं, एक पुढं गेलं. आमचंच चाक आमच्यापुढं पळत होतं, आणि त्यावर सकाळचं हळदकुंकू होतं.

पुढं सर्व्हिस रोडच्या कडेला एक माणूस सायकल धरून उभा होता. सायकलीला मागं वैरणीची पेंढी. तो फोनवर बोलत होता, पाठ आमच्याकडं. अण्णा हॉर्न दाबत होता. मी ओरडलो, पण काय ओरडलो ते आठवत नाही.

त्याचं नाव मारुती. जवळच्याच गावचा. सकाळी गुरांचं करायचा, मग एका गोदामावर वॉचमन. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसला होता आणि सारखं म्हणत होता, "आलं बघ, दवाखाना आला बघ." मारुती दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. त्याची बायको आली, तिच्या हाताला पीठ होतं. तिनं मोठ्यानं रडायच्या आधी एकच विचारलं, "चाक कुणाचं?" व्हरांड्यात पंधरा माणसं होती. अण्णा भिंतीला टेकून खाली बसला होता, तो हात टेकत उठला आणि म्हणाला, "माझं."

ठाण्याचं आवार

संध्याकाळी ट्रक ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात आणला. ओढण्यासाठी चाकं परत चढवायला एक मेकॅनिक बोलावला होता, तो आवारात पुढच्या चाकाचेही नट बघत होता. मी शेजारी उभा होतो. अण्णा आत जबाब देत होता. मेकॅनिकनं डाव्या बाजूच्या नटावर पाना लावला, शेपटीकडं, आणि दाबलं. नट आवळला गेला.

"अहो, उलटा धरलाय तुम्ही," मी म्हटलं.

तो म्हणाला, "न्हाई सर. जुन्या गाड्यांना डावीकडं उलटे आटे असत्यात, उलटं फिरवलं की आवळणारे. ह्याला सुलटे हायत. तोंडाकडं दाबला तर सुटंल की."

 बसाप्पाचं वाक्य जसंच्या तसं कानात आलं. मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. आत अण्णा सांगत होता की चाकं त्याच सकाळी निपाणीत बसवली, आम्ही वाटेत आवळलीसुद्धा होती, फिटरनंच काहीतरी कच्चं ठेवलं असणार. मी आत जाऊन बोलायला हवं होतं. गेलो नाही. म्हटलं, अण्णाची आजची अवस्था अशी, उद्या सांगू.

उद्याचा परवा झाला. अण्णाला जामीन मिळाला. बसाप्पाला तीन वेळा बेळगावला चौकशीला बोलावलं. तो सांगायचा, मी मास्तरांना सांगितलं होतं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला आठवत नाही. हो, म्हटलं. पांढरे केस झालेल्या माणसानं, पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसानं. निपाणीहून एक ओळखीचा सांगत आला की बसाप्पाकडं आता कुणी गाडी लावत नाही, लेथवर कापड टाकलंय. मी ऐकलं आणि चहा प्यालो.

पुन्हा हिंडलगा

चैत्रात एका सकाळी मी अण्णाकडं गेलो. ट्रकच्या जागी अंगणात नुसता तेलाचा डाग. अण्णा त्याच खुर्चीवर, तोंड भिंतीकडं. दाढी वाढलेली. मी बसल्यावर म्हणाला, "त्या बसाप्पानं माझ्या हातनं माणूस मारवला, बाळू. देव त्याला बघून घेईल."

त्यावर मी सगळं सांगितलं, पेपर, खोका, "व्हय व्हय", ठाण्यातला मेकॅनिक, "आठवत नाही", सगळं. सांगताना मी त्याच्या पायांकडं बघत होतो. वाटलं, आता मारेल. मारावं असंच वाटत होतं.

 तो स्वतःचा उजवा हात उलटा करून तळव्याकडं बघत बोलला.

"मला कळलं व्हतं रं."

"काय?"

"आवळणारा नट हाताला जड जातोय. सुटणारा हलका. चाळीस वर्सं पाना धरलाय मी. पहिल्याच नटाला हात म्हणाला, अण्णा, ह्ये सुटतंय. मी म्हटलं, बाळूचं वजन वाढलंय." त्यानं मूठ मिटली. "आप्पांचा नियम चुकंल कसा, म्हटलं. वीसच्या वीस नटांना हात सांगत व्हता."

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. अण्णा उठला, खुंटीवरची टोपी घेतली. "चल. बस हाय काय आता निपाणीला?"

निपाणी, बसनं

 वंटमुरीच्या अलीकडं, ती जागा आली तेव्हा अण्णानं खिडकीतून हात जोडले. संकेश्वराला मिरच्या संपल्या होत्या.

बसाप्पाची शेड उघडी होती, पण आत एकच ट्रक, तोही त्याच्या मेव्हण्याचा. आम्हाला बघून तो उठला नाही. अण्णानं बाहेर चपला काढल्या, मीही काढल्या. अण्णा म्हणाला, "चूक आमची हाय. ठाण्यात जाऊन लिहून देतो, दोघं बी. आज तुमच्या पाया पडायला आलोय." आणि वाकायला लागला. बसाप्पानं त्याला वरच्यावर धरलं. माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, मी सांगितलं तवा तुमी व्हय म्हटलासा."

"म्हटलं."

"मग?"

"मला कळलं नव्हतं."

"मग इचारायचं न्हाई?"

 

तो आत गेला. पाना घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. मेव्हण्याच्या ट्रकच्या डाव्या चाकाकडं बोट केलं. त्या चाकावर पांढऱ्या रंगानं आवळायच्या दिशेचा मोठा बाण काढलेला होता, बोटाएवढा जाड. ओल्या रंगाचा डबा शेजारीच पडला होता. "आता हितनं पुढं जी गाडी जाईल तिला बाण काढतोय," तो म्हणाला. "बघा, आवळा. शिका आता."

मी खाली बसलो. पाना नटावर चढवला, नीट बसवला आणि दाब द्यायला दोन्ही हात दांड्यावर ठेवले.  मग मागून अण्णाचा हात आला. त्यानं माझं मनगट धरलं, पाना नटावरून काढला आणि दांडा शेपटीकडं करून पुन्हा बसवला. मी तो गाडीच्या तोंडाकडंच धरला होता.